मंद आचेवरची कादंबरी: कानात की हातात?

डाफ्ने ड्यू मॉरियेची ‘रिबेका’ (१९३८) मी दोनदा पुरी केली. आधी ऑडिओबुक ऐकलं, गोव्यात चोडण ते रायबंदर फेरीबोटीत आणि पुढे पणजीच्या बसमध्ये. दीड वर्षानं पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून आणून वाचली. त्यामुळे ‘असली धिमी सायकॉलॉजिकल थ्रिलर ऐकू की वाचू?’ असं कोणी विचारलं की माझ्याकडे निदान स्वतःचं काहीतरी सांगायला असतं.

ऐकण्याची बाजू कमी लेखू नका. अशा कादंबरीत कितीतरी पानं वरवर काहीच घडत नाही. पोलीस नाहीत, पाठलाग नाही. मोठा वाडा, ऱ्होडोडेंड्रॉनची लालभडक फुलं, चहाच्या वेळा, नोकरमाणसांचे शिस्तीचे नियम. पुस्तक हातात असतं तर पहिल्या खेपेला मी पानं भराभर उलटली असती. कानात मात्र ते जमत नाही, आणि तेच बरं. एका बाजूला खारफुटी मागे सरकतेय, शेजारी कोणी स्कूटरला टेकून फोनवर मासळीचा दर विचारतोय, आणि कानात मँडरलीच्या, म्हणजे त्या वाड्याच्या, फाटकापासूनची ती न संपणारी वाट. चौदा-पंधरा तासांचं ऐकणं कसं सरलं, कळलं नाही. फेरीच्या इंजिनात एखादं वाक्य बुडायचं, तेही चालून गेलं.

खटकलं ते वेगळंच. गोष्ट नायिका सांगते (तिचं नाव शेवटपर्यंत कळत नाही) आणि तिचा जीव एकाच प्रश्नात अडकलेला: नवरा असा गप्प का? दुःखात आहे, रागावलाय, की आपला कंटाळा आलाय? बराचसा थरार एवढ्यावरच उभा आहे. हा नवरा, मॅक्सिम, लग्नाची मागणीसुद्धा न्याहारीच्या वेळी घालतो, ‘येताना पाव आणू का?’ विचारावं तशी. आता ऑडिओबुकात वाचून दाखवणाऱ्याला कुठला तरी एक सूर लावावाच लागतो. मी ऐकलं त्या बाईंनी (वाचतात उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही) थकलेला, किंचित चिडका सूर लावला. झालं. मॅक्सिमविषयीचं माझं मत तिथंच, भर नदीत ठरून गेलं. पुढचे कितीतरी तास मी त्या बाईंचा संशय वाहत होतो, माझा नव्हे.

पुस्तकात तोच प्रसंग आला तेव्हा थांबलो. त्याचं बोलणं एकदा थट्टेत वाचलं, एकदा तुसडेपणानं, एकदा नुसतंच सरळ. तिन्ही बसतात! नायिकेचा घोळ होतो तो इथंच, आणि पहिल्या खेपेला माझाही व्हायला हवा होता. शिवाय ती हे सगळं मागाहून आठवून सांगतेय. मग आवाज तेव्हाच्या बुजऱ्या पोरीचा की आताच्या बाईचा? कागदावर दोघी एकाच वाक्यात राहू शकतात.

पुस्तकाचे तापही आहेतच. जुलैत आमच्याकडे उशाशी ठेवलेलं पुस्तक आठवड्याभरात फुगतं, कुबट वास धरतं. दिवसभर स्क्रीनसमोर बसून आल्यावर रात्री बारीक टाइप नकोसा होतो. आणि शेवटच्या पानात डोकावण्याचा मोह. एका कादंबरीच्या वेळी मी तो केला, तेव्हापासून बायको माझ्या हातातली रहस्यकथा संशयानं बघते.

तुमचा मोकळा वेळ प्रवासातच जात असेल तर खुशाल ऐका, न वाचण्यापेक्षा केव्हाही बरं. तपास, पुरावे, खुनी कोण असल्या कथा मी अजूनही ऐकतोच. तिथं धागेदोरे कळले की झालं. पण संशय जिथं माणसाच्या बोलण्याच्या ढबीवर टांगलेला असतो तिथं, दोष कदाचित माझ्या कानांचाच असेल, मी आता पुस्तक घेतो. फेरीतही तेच उघडतो. रायबंदरचा धक्का लागला तरी मागचा मोटरसायकलवाला हॉर्न वाजवेपर्यंत मान वर होत नाही.