‘राउंड’ की ‘सर्क्युलर’?

इंग्रजी निबंधात पोळीला ‘राउंड’ म्हणावे की ‘सर्क्युलर’, असा प्रश्न माझ्या भाचीला पडला होता. दुसरा शब्द अधिक विद्वत्तापूर्ण वाटतो, एवढेच तिचे त्यामागचे कारण होते.

अर्थाची व्याप्ती पाहिली, तर ‘राउंड’ हा आपल्या ‘गोल’सारखाच ऐसपैस शब्द आहे, ताट, चेंडू, चेहरा, डोळे, खांब या सर्वांना तो चालतो. ‘सर्क्युलर’ मात्र प्रामुख्याने सपाट वर्तुळाला किंवा वर्तुळाकार गतीला लागू पडतो. त्यामुळे ‘द बॉल इज सर्क्युलर’ हे वाक्य खटकते, कारण चेंडू वर्तुळ नसून गोलक आहे. चेहऱ्याला ‘सर्क्युलर’ म्हणणे तर कंपासने काढल्यासारखे वाटते.

सूर पाहता पहिला शब्द घरगुती, तर दुसरा भूमितीच्या वर्गातला किंवा अहवालातला आहे.

खरी अडचण रूढ शब्दजोड्यांची आहे. ‘राउंड ट्रिप’ म्हणजे जाऊन परत येणे, मग वाट तीच असली तरी चालते. ‘सर्क्युलर रूट’ मात्र वळसा घालून आरंभस्थानी आणतो. पूर्णांकित संख्येला ‘राउंड’च लागते, आणि फिरून मूळ गृहीतकावरच येणाऱ्या युक्तिवादाला ‘सर्क्युलर’च. (कार्यालयातले सर्क्युलर, म्हणजे परिपत्रक, हे नाम असल्याने येथे गैरलागू.)

बोलण्यात, वर्णनात आणि पोळीसाठी ‘राउंड’ घ्यावा; गणित, विज्ञान किंवा आराखड्यात नेमके वर्तुळ अभिप्रेत असेल, तेव्हा ‘सर्क्युलर’.