आधी बास ऐकू येतोय का ते बघा: रेकॉर्ड प्लेयर आणि रविवारचं जॅझ

पट्ट्यानं फिरणारा रेकॉर्ड प्लेयर (बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल), त्याचा क्षीण सिग्नल वाढवणारा वेगळा फोनो प्रीॲम्प, घरातलाच जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि पाच इंची वूफरचे दोन बुकशेल्फ स्पीकर. गेल्या पावसाळ्यात हे सगळं इंदूरला रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात मांडलं, आता उन्हाळा उतरणीला लागलाय. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक सेटना हेच लागू पडेल. रविवारी पोहे-जिलबी आटोपली आणि कचरागाडी आपलं गाणं वाजवत गल्लीतून गेली की जेवणापर्यंत घर निवांत असतं. तेवढ्यात एखाद-दोन रेकॉर्डी होतात, बहुतेक जॅझच्या.

माझी कसोटी एकच, डबल बास, म्हणजे उभं धरून वाजवायचं ते खर्जातलं मोठं तंतुवाद्य. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन मोबाईलवरही भागून जातात. पण ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 1959 सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधलं पहिलंच ‘सो व्हॉट’ घ्या. पियानो आणि बासची छोटीशी आलापी होते आणि मग मुखडा धरतो तो पॉल चेंबर्सचा बास. बाकीचे नुसते हुंकार देतात. 16 बार (तालाची छोटी आवर्तनं) एका ठिकाणी, पुढचे 8 अर्धा सूर वर चढून, शेवटचे 8 पुन्हा खाली. फोनच्या स्पीकरवर यातले हुंकार तेवढे उरतात, मुखडा गायब.

सुरुवातीला माझ्याकडेही बास नव्हता, नुसती घुमघुम होती. स्पीकर कोपऱ्यात होते आणि खाली उघडी कोटा फरशी. भिंतीपासून दीडेक हात पुढे ओढले, मध्ये आजीच्या वेळची जाड सतरंजी अंथरली, आणि चेंबर्सचा एकेक सूर सुटा झाला. या बदलाला एक पैसा लागला नाही, हे आवर्जून सांगतो.

खरा छळ गुणगुणीचा. डबल बासची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झच्या आसपास बोलते, त्याच तारेवरचा ‘जी’ हा सूर 49 ला. आपली घरगुती वीज 50 ची! म्हणजे अर्थिंग कच्चं असेल तर स्पीकरमधून येणारी गुणगुण नेमकी बासच्या घरात ठाण मांडते. त्यात कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, निघणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा, शिवाय रेकॉर्ड कोरतानाच खालचे सूर दाबलेले असतात आणि फोनो प्रीॲम्प ते परत उचलून देतो. सूर उचलताना तो गुणगुणही उचलतो. इलेक्ट्रिशियननं बोर्ड उघडला आणि शांतपणे म्हणाला, “भिया, इसमें अर्थिंग तो है ही नी.” तीन पिनांचं सॉकेट, तिसऱ्या भोकामागे तार नाही. नवी अर्थिंग ओढून घेतली, टर्नटेबलची बारीक हिरवी तार प्रीॲम्पच्या स्क्रूला कसली, तेव्हा कुठे आवाज बसला. जुन्या घरात राहणाऱ्यांनी टर्नटेबल घेण्याआधी हे तपासून घ्यावं.

वेग तपासायला जुना चोकवाला ट्यूबलाईट कामाला आला. तो सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो, त्यामुळे रेकॉर्डच्या जागी ठेवलेली 180 रेघांची कागदी चकती मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाला जागच्या जागी थांबलेली दिसते. माझ्याकडे रेघा किंचित पुढे सरकत होत्या. मोटरखालचा स्क्रू जरासा फिरवला. बहुतेक एलईडी दिव्यांखाली ही युक्ती चालत नाही. ज्यांना स्वराची कटकट नाही त्यांनी या भानगडीत पडू नये. पियानोचा लांब सूर हलला तर ज्यांच्या पोटात कालवतं, त्यांच्यासाठी हे.

आता ज्यासाठी एवढा खटाटोप केला ती रेकॉर्ड. पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रयीचं ‘संडे ॲट द व्हिलेज व्हँगार्ड’, न्यूयॉर्कच्या एका तळघरातल्या क्लबमध्ये 25 जून 1961 च्या रविवारी ध्वनिमुद्रित झालेलं. दुपार आणि संध्याकाळ मिळून पाच बैठका झाल्या. श्रोत्यांची कुजबुज आणि ग्लासांची किणकिण तशीच राहिली आहे. बासवर स्कॉट लाफारो, वय 25. अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला. रेकॉर्ड त्याच्याच ‘ग्लोरियाज स्टेप’नं सुरू होते आणि त्याच्याच ‘जेड व्हिजन्स’वर संपते.

बाबांची बैठक अमीर खाँसाहेबांच्या विलंबितवर पोसलेली, जॅझ म्हणजे हॉटेलातलं संगीत असं त्यांचं ठाम मत. पेपर वाचता वाचता म्हणाले, “अरे, हा साथ कुठे करतोय? हा तर सारखा मध्ये बोलतोय.” बरोबर पकडलं होतं. लाफारो ठेका धरून चालत नाही, पियानोचं वाक्य अर्धवट असतानाच उत्तर देतो. घुमघुमीत हे कळलंच नसतं.

‘जेड व्हिजन्स’ रेकॉर्डच्या आतल्या टोकाला येतं. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला 50 सेंटीमीटरच्या आसपास धावते, आत हा वेग 21 पर्यंत उतरतो, आणि झांजांसारखे बारीक आवाज तिथे फाटतात. इथे गत संथ आणि बास ठळक, म्हणून निभावतं. गजबजलेल्या रेकॉर्डींवर मात्र शेवटची गत मला खरखरीत लागते.

उन्हाळ्यातली मोठी अडचण पंखा. मे महिन्यात इथे तो बंद करून बसण्याची सोय नाही, आणि चालू ठेवला तर मंद रचना वाऱ्यावर जातात. मी अशा दिवसांत सरळ जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेकचं ‘टाइम आउट’ लावतो, ते पंख्याला पुरून उरतं. रेकॉर्डी उभ्याच ठेवाव्यात, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, नाहीतर वाकतात. हिवाळ्यात कोरड्या हवेनं चटचट वाढते, त्यावर कार्बन फायबरचा ब्रश पुरतो.

हे स्ट्रीमिंगपेक्षा ‘उबदार’ वाजतं का? माझ्या कानांना नाही. तीच ध्वनिमुद्रणं तिकडे जास्त स्वच्छ ऐकू येतात. इथे फक्त विसेक मिनिटांनी उठून बाजू उलटावी लागते, म्हणून मधल्या वेळात मी दुसरं काही हाती घेत नाही. एवढ्यासाठी पैसे मोजायचे नसतील तर चांगले स्पीकर घ्या आणि फोन जोडा. घेणारच असाल, तर टर्नटेबलच्या चकचकाटापेक्षा फोनो प्रीॲम्प आणि सुई यांवर जास्त खर्च करा. लंबगोल टोकाची सुई साधारण 300 तास टिकते, त्यानंतर ती रेकॉर्डच खायला लागते. नवी आयात रेकॉर्ड अडीच-तीन हजारांना पडते, तेव्हा पुढच्या महिन्यात रेकॉर्ड नाही, सुई घेणार आहे.