आम्ल घालायचं की वायू सोडायचा?

एमिलियानिया हक्सलेयी या चुन्याची कवचं घडवणाऱ्या एकपेशीय शैवालावर वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम तपासायचाय, पण पाण्याचा सामू (pH) आम्ल घालून उतरवायचा की वायूचे बुडबुडे सोडून, यावर एक विद्यार्थिनी अडली आहे.

समुद्रात वायू मुरतो तेव्हा एकूण विरघळलेला कार्बन वाढतो, क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, तशीच राहते. पाण्यात सोडलेले कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे नेमकं हेच करतात. नुसतं हायड्रोक्लोरिक आम्ल उलटं वागतं: क्षारता घटते, कार्बन तेवढाच. सोबत हिशोबाने सोडियम बायकार्बोनेट घातलं की ही खोट भरून निघते. माझ्या मते तेही न करता आम्ल वापरणं म्हणजे निव्वळ आळस.

खर्चात आम्ल स्वस्त, वायूला सिलिंडर आणि रोजची राखण.

पेशींचं काय? सततच्या बुडबुड्यांनी पाणी घुसळतं, वाढ मंदावू शकते. आम्ल घालून बंद केलेल्या बाटलीत ती भीती नाही, मात्र पेशी फार वाढल्या की त्याच कार्बन ओढून घेतात आणि सामू सरकतो.

याच शैवालावर संशोधक रीबेसेल यांच्या गटाला 2000 साली आम्ल वापरून कवचनिर्मिती घटलेली दिसली, तर इग्लेसियास-रॉड्रिगेझ यांच्या गटाला 2008 साली बुडबुड्यांनी वाढलेली. खापर पद्धतीवर फुटलं. पुढे एकाच प्रजातीचे वाणही वेगवेगळे वागतात, हे दिसलं. तेव्हा वाण निवडताना जास्त डोकं खाजवा.

थोड्या दिवसांचा, अनेक बाटल्यांचा प्रयोग असेल तर आम्ल अधिक बायकार्बोनेट. अनेक पिढ्या चालणारा, दाट वाढीचा असेल तर वायू, तोही हळू.