आधी पत्रपेटीवर नाव: श्टुटगार्टमधल्या भाड्याच्या घराचे नऊ महिने

नवतपा लागलाय, कूलरला वाळ्याचे नवे टट्टे बसलेत, आणि नागपूरला त्रिमूर्तीनगरातल्या आईच्या घरी पुढच्या खोलीत माझा मामेभाऊ सामानाची यादी घेऊन बसलाय. सप्टेंबरात तोही जर्मनीत, श्टुटगार्टला निघतोय. यादीत पहिलं नाव प्रेशर कुकरचं. मामीचा प्रश्न एकच: "भाड्यानं घर भेटते ना तिथं लवकर?" "भेटते" म्हणून मोकळं होता आलं असतं. पण गेल्या ऑगस्टपासून आम्ही ज्या घरात राहतोय त्याचा, आणि त्यासोबत आलेल्या वीज, इंटरनेट, कचरा वगैरे भानगडींचा हिशेब एकदा लिहूनच काढावा म्हटलं.

लग्नानंतर मनीषनगरात भाड्याने राहिलो तेव्हा घर दोन दिवसांत लागलं होतं. दोन महिन्यांचं डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, मीटर मालकाच्याच नावावर. दूधवाला, पेपरवाला, बाई, इस्त्रीवाला हे सगळं खालच्या चौकीदाराने एका संध्याकाळी लावून दिलं. श्टुटगार्टला चौकीदार नाही. तिथे पत्रपेटी आहे, आणि तिला बोलता येत नाही, एवढाच फरक.

घर शोधायला आम्हाला नऊ आठवडे लागले. त्रेचाळीस अर्ज, पाच ठिकाणी बघायला बोलावणं, त्यातल्या दोन ठिकाणी जिन्यावर आमच्यासारख्यांची रांग. जाहिरातीत 'दोन खोल्या' लिहिलं असेल तर एक बेडरूम आणि एक हॉल समजायचं. स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजत नाहीत. सोबत फाइल न्यायची: तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, नोकरीचा करार, पासपोर्टची प्रत आणि शूफा, म्हणजे तुम्ही देणी वेळेवर फेडता की नाही याचा दाखला. नव्याने आलेल्याची शूफा कोरीच असते. आमच्या बाबतीत नवऱ्याच्या कंपनीने दिलेल्या पत्राने काम झालं, त्यामुळे भाऊ, ते पत्र आधीच मागून ठेव. आणि घर न दाखवता "मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल" असं कोणी लिहिलं तर उत्तरही देऊ नको. आम्हाला अशी दोन पत्रं आली. फोटो मात्र सगळ्यात सुंदर त्याच घरांचे होते.

आता पैसे. अठ्ठावन्न चौरस मीटरच्या घराचं आमचं 'काल्टमीटे', म्हणजे नुसतं थंड भाडं, ८९० युरो. त्यावर 'नेबनकोस्टन' २१०: हीटिंग, पाणी, कचरा, जिन्यातला दिवा. दोन्ही मिळून गरम भाडं ११००. वीज आणि इंटरनेट त्यात नाही. हे २१० युरो निव्वळ अंदाज असतो. वर्षाचा खरा हिशेब नंतर येतो, आणि तो द्यायला मालकाला ते वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत असते. म्हणजे डोक्यावरची तलवार वर्षभर लटकती. शेजारच्या आजींनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, थोडे पैसे बाजूला ठेवा म्हणून. ठेवतोय.

डिपॉझिट थंड भाड्याच्या तिपटीपर्यंतच घेता येतं, आणि भाडेकरूला ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क आहे. मालकीणबाईंनी २६७० युरो एकरकमी मागितले, आम्ही निमूट दिले. हप्त्यांचं कळलं तेव्हा डिसेंबर उजाडला होता. मागितलं असतं तर घर हातचं गेलं असतं का, ते आता कोण सांगणार. दलालीचं बरं आहे: २०१५पासून ज्याने दलाल लावला त्यानेच पैसे द्यायचे. आम्हाला छदामही लागला नाही.

किल्ली मिळाली त्या दिवशी आत शिरलो तर छतातून दिव्यांच्या जागी नुसत्या वायरी लोंबत होत्या. रिकामं घर म्हणजे तिथे खरोखर रिकामं. पुष्कळदा ओटा आणि सिंकसुद्धा भाडेकरू सोबत घेऊन जातात. आमच्या आधीच्या जोडप्याला आपला ओटा, शेगडी आणि फ्रिज विकायचा होता, म्हणून सातशे युरोत ते आमच्या पदरात पडलं. दिवे नवऱ्याने लावले. दर मार्चमध्ये कूलरचा पंप खोलून बसणारा माणूस, त्याला वायरी नव्या नव्हत्या. पण शनिवारी संध्याकाळी अर्धंच काम झालं आणि रविवारी ड्रिल चालवायची नसते. रविवार अख्खा आणि रोज रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची. तो रविवार आम्ही मेणबत्तीत काढला. फोटो बघून घरच्यांना वाटलं काय रोमँटिक.

आणि पत्रपेटी. तिथे दाराला घरनंबर नसतो, घंटीवर आणि पत्रपेटीवर आडनाव असतं. नाव नाही तर तुम्ही तिथे राहतच नाही. आम्ही आधी शहराच्या कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवला. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदवावा लागतो आणि त्याला मालकाच्या सहीचा एक कागद लागतो, ज्याचं नाव मी आजही एका दमात म्हणू शकत नाही. ते झाल्यावर वाटलं, झालं. मग काहीच येईना. बँकेचं कार्ड नाही, त्याचा पिन वेगळ्या पाकिटातून येणार होता तो नाही, आरोग्य विम्याचं कार्ड नाही, कर क्रमांकाचं पत्र नाही. तिसऱ्या आठवड्यात इंटरनेटचा माणूस यायचा होता, 'सकाळी आठ ते दुपारी एक'. मी रजा काढून बसले. एक वाजून गेला, मेसेज आला: ग्राहक घरी आढळला नाही. खाली जाऊन बघते तर घंटीवर अजून आधीच्या जोडप्याचंच नाव. पुढची तारीख बावीस दिवसांनी. कंपनीच्या फोनवर अर्धा तास संगीत ऐकलं, मग एका बाईंनी अत्यंत सभ्यपणे सांगितलं की चूक आमची. होतीच.

त्या रात्री नवऱ्याने कागदाच्या पट्टीवर नावं लिहून चिकटपट्टीने लावली. तिथेही घोळ: लग्नानंतर मी आडनाव बदललेलं नाही, आणि पट्टीवर फक्त त्याचं. मग माझीच पत्रं परत जायला लागली. शेवटी दोन्ही नावं लागली आणि आठवड्याभरात पेटी भरली. त्यात न मागितलेलंही एक आलं: रेडिओ-टीव्हीची वर्गणी, 'रुंडफुंकबाइट्राग', महिना १८.३६ युरो. "आमच्याकडे टीव्ही नाही" म्हणून भागत नाही; ती घराला लागते, टीव्हीला नाही, आणि पत्ता नोंदवला की त्यांना आपोआप कळतं. पण घरात एकानेच भरायची. दोघांच्या नावाने पत्रं आली तर दुसऱ्याने पहिल्याचा वर्गणी-क्रमांक कळवायचा, नाहीतर दोनदा जातात.

विजेचंही असंच मजेशीर. बटण दाबलं, दिवा लागला, म्हणून आम्ही खूश. सहा आठवड्यांनी पत्र आलं: तुम्ही वीज वापरताय, म्हणजे आमचे ग्राहक आहात. करार केला नाही तर त्या भागातला ठरलेला पुरवठादार आपोआप वीज देतो, अंधार होत नाही, पण तो दर बहुतेक वेळा महाग असतो. त्यातून दोन आठवड्यांच्या नोटिशीवर बाहेर पडता येतं. आम्ही दुसरीकडे गेलो, आता महिना ५८ युरो भरतो. हाही अंदाजच, हिशेब वर्षाने. किल्ली घेतानाच मीटरचा फोटो काढून ठेवला होता आणि ताबा घेण्याच्या कागदावर आकडा लिहून घेतला होता, नऊ महिन्यांतलं हे आमचं एकमेव शहाणपण. आधीच्यांचे एकशे दहा युनिट आमच्या नावावर चढले होते, फोटो पाठवल्यावर उतरले.

हीटिंगला मी पाचपैकी पाच देते. रेडिएटरची चकती तीनवर ठेवली की खोली साधारण वीस अंशांवर राहते, आवाज नाही, धूळ नाही. पण जानेवारीत बेडरूममधल्या कपाटामागे काळी बुरशी धरली. आम्ही खिडक्या घट्ट बंद, कपडे आत वाळत, आणि कुकरच्या शिट्ट्या. मालकीणबाई आल्या, भिंतीला हात लावला आणि भर थंडीत दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. दिवसातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं, चकती बंद करून. याला 'श्टोसल्युफ्टन' म्हणतात. इथे मे महिन्यात दुपारी बारा वाजता खिडकी उघडणाऱ्याला माझी आई ज्या नजरेने बघते, अगदी त्याच नजरेने त्यांनी आमच्या बंद खिडकीकडे बघितलं. साफ करायचं औषध आमच्याच खर्चाने. बुरशी गेली.

कचऱ्याचं फार लिहीत नाही, आठवड्याभरात जमतं: कागद, ओला, प्लास्टिक-डबे, उरलेला, आणि काच रंगाप्रमाणे कोपऱ्यावरच्या डब्यात, तीही रविवारी नाही. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीचे २५ सेंट ती दुकानात परत दिली की मिळतात. नळाचं पाणी सरळ प्या. आपल्याकडे पेंच धरणाचं, तिथे बरंचसं बोडनझे सरोवरातून. फिल्टर नेऊ नको. मिक्सर ने, व्होल्टेज तेच आहे, फक्त आपली तीन पिनी तिथल्या भोकात जात नाही. कुकर इंडक्शनच्या बुडाचाच घे. आणि दार ओढलं की बाहेरून लॉक होतं. एक किल्ली शेजारी दे. रात्री कुलूपवाल्याला बोलावण्याचे पैसे ऐकूनच मी ती लगेच आजींकडे दिली.

आईला सगळ्यात हसू आलं ते 'केअरवोखे'चं. श्टुटगार्टच्या बाजूची ही खास रीत. दर काही आठवड्यांनी तुमच्या दाराला पाटी लटकते, म्हणजे त्या आठवड्यात जिना तुम्ही झाडायचा-पुसायचा. आमच्या भाडेकरारातच लिहिलंय. "इथं बाई ठेवली अन् तिथं लोकांचा जिना झाडून राहिली?" आई विचारते. झाडते. पहिल्यांदा नुसता झाडला, पुसला नाही, तर वरच्या मजल्यावरच्या काकांनी काही न बोलता बादली आमच्या दारात ठेवली. पण त्याच जिन्यावर आजींशी ओळख झाली, आणि बुरशीपासून विजेपर्यंत अर्धं शहाणपण त्यांचं.

मग घर कसं? घराला चार, मालकीणबाईंना साडेतीन, इंटरनेटला दोन, आजींना दहा. सोडायचं ठरवलंच तर तीन महिने आधी लेखी कळवावं लागेल. सध्या विचार नाही. भावाला मी इतकंच सांगितलं की विमानात बसण्याआधी दोन पट्ट्या छापून ने, स्वच्छ टाइपमध्ये आडनाव. एक घंटीला, एक पेटीला. त्याने यादीत कुकरच्या वर लिहिलं.

हे लिहीत असताना आजींचा फोटो आला. आम्ही नागपूरला आहोत तोवर पेटी त्या रिकामी करतात. मालकीणबाईंकडचं जाड पाकीट, ऑगस्ट ते डिसेंबरचा नेबनकोस्टनचा हिशेब. उघडू का, विचारतायत. आई म्हणते, सांग ना उघडायला. मी लिहिलं, राहू द्या, वीस तारखेला आल्यावर बघू. संत्रा बर्फीचे दोन डबे आणतेय, एक तुमचा.