रत्नागिरीत पापलेट म्हणून रूपचंद खाऊ घातलं

जुलै 2025 मधली गोष्ट. आईच्या माहेरच्या जमिनीवर वारस नोंद करायची होती म्हणून आम्ही दोघी मिरजेहून आंबा घाटाने रत्नागिरीला गेलो. मामाचं घर गेली कित्येक वर्षं बंद आहे, त्यामुळे मारुती मंदिराच्या बाजूला एका लॉजवर खोली घेतली. आई त्र्याहत्तरची, गुडघे दुखरे, आणि पाऊस असा की छत्री असून नसल्यासारखी. रात्रीच्या जेवणाला चालत पाच मिनिटांत पोचता येईल असंच ठिकाण हवं होतं. त्यात आईने सकाळपासून एकच धरलं होतं. श्रावण लागायला आठ-नऊ दिवस राहिलेत, त्याआधी एकदा पापलेट खायचं. पंचेचाळीस वर्षं मिरजेत काढली तिने. माहेरच्या गावी येऊनही तिला मासा मिळू नये, हे मलाच बरं वाटेना.

लॉजच्या काउंटरवरच्या मुलाला विचारलं. "ताई, लांब कशाला जाताय? मागच्याच गल्लीत आहे. एकदम घरगुती, जेटीवरचा ताजा मासा. आजींना आवडेल," असं म्हणत त्याने एक छापील कार्ड दिलं आणि त्याच्या मागे पेनाने आमच्या खोलीचा नंबर लिहिला. मोबाइलवर पाहिलं तर साडेचार तारे. एवढ्यावर मी निघाले. ते अभिप्राय नीट वाचले असते तर तेव्हाच दिसलं असतं की त्यातले बरेचसे एकाच आठवड्यात लिहिलेले आहेत, आणि लिहिणाऱ्यांनी आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही जागेबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. ते मी रात्री खोलीवर परत आल्यावर वाचलं.

आत गेल्यावर वेटरने पाण्याच्या आधी हातातलं कार्ड मागून घेतलं आणि गल्ल्याजवळच्या खिळ्याला खोचलं. त्या खिळ्यावर तशी आणखी दहा-बारा कार्डं होती. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, अर्थ मात्र दुसऱ्या दिवशी कळला.

मेन्यूकार्डावर मच्छी थाळीपुढे 350 होते आणि पापलेट फ्रायपुढे आकड्याऐवजी 'साइजप्रमाणे' एवढंच छापलेलं. विचारलं, केवढ्याला पडेल? "मॅडम, मासा बघून ठरतं. तुमच्यासाठी मिडियम लावतो." मग मासा दाखवा म्हटलं, तर म्हणे मसाला लावून ठेवलाय, आता धुता येणार नाही. मी तिथूनच उठायला हवं होतं. पण आई बसली होती, पदराने भिजलेले हात पुसत होती, आणि बाहेर पाऊस कोसळत होता.

मासे आले. रव्यात घोळवलेले, डोक्यासकट, कडा करपेपर्यंत तळलेले. रंगावरून काही ओळखावं अशी सोयच नव्हती. पहिला घास घेतल्यावर आई थांबली. तिने तोंडातून एक बारीक काटा काढला, मग दुसरा, मग तिसरा, आणि ताटाच्या कडेला ओळीने लावले. दुबेळकं टोक असलेले, केसांसारखे काटे. पापलेटला मधला काटा असतो, त्यावरून मांस अख्खं निघून येतं, म्हणून तर लहान मुलांना पहिला मासा पापलेटचा भरवतात. आईने काही न बोलता माशाचं डोकं वेगळं केलं, अंगठ्याच्या नखाने जबडा उघडला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "ह्यो पापलेट नाय गो बाय. दात बघ त्याचे."

माणसाच्या दाढांसारखे चौकोनी, ठळक दात होते. पापलेटचं तोंड इवलंसं असतं, त्यातले दात नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. आमच्या ताटात होतं ते रूपचंद. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला मासा, आपल्याकडे तळ्यांमध्ये पाळतात, आंध्रातून भरपूर येतो आणि भावाने पापलेटच्या जवळपासही जात नाही. रूपचंद म्हणून विकला तर कुणाची काही तक्रार नाही, गरिबाच्या घरात तो आवडीने शिजतो. पण ज्या चंदेरी पापलेटला 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा ठरवलं, त्याच्या नावावर तो रत्नागिरीत, समुद्रापासून एवढ्या जवळ, एका म्हाताऱ्या बाईच्या ताटात वाढावा याचा मला आजही संताप येतो.

मालकाला बोलावलं. जबडा दाखवला. तो म्हणाला, "पापलेटमध्ये पण जाती असतात, ही चायनीज पापलेट." मग मेन्यूकार्डावर तसं का नाही लिहिलं, यावर उत्तर नाही.

मग बिल आलं, म्हणजे पावतीबुकातली एक चिठ्ठी. पापलेट 950 प्रमाणे दोन, 1900. थाळ्या 700. सोलकढी 120, जी थाळीत धरलेली आहे असं ऑर्डर घेताना सांगितलं होतं. पाणी 80. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज 280, आणि त्या सगळ्यावर पाच टक्के 'टॅक्स' 154. एकूण 3234. चिठ्ठीवर ना जीएसटी नंबर, ना अन्न परवान्याचा नंबर. छापील बिल मागितलं तर मशीन बंद. क्यूआर कोड स्कॅन केला तर समोर हॉटेलचं नाव नाही, कुणा माणसाचं नाव. आई म्हणाली, दे आणि चल. तिला तिथे आणखी एक मिनिट बसवत नव्हतं. मी पैसे दिले, पण त्याआधी टेबलावर टिश्यू पसरून जबड्याचा आणि चिठ्ठीचा फोटो काढला.

त्या चिठ्ठीतली प्रत्येक ओळ तपासून घेण्यासारखी आहे, म्हणून जरा थांबून लिहिते. सर्व्हिस चार्ज कुठलंही हॉटेल आपणहून बिलात चढवू शकत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला तसं स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला ते कायम ठेवलं. काढायला सांगा, काढावाच लागतो. टॅक्स घ्यायचा तर बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर हवा, महाराष्ट्रात तो 27 ने सुरू होतो. बरीच छोटी हॉटेलं जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात, म्हणजे विक्रीवरचा ठराविक टॅक्स स्वतःच्या खिशातून भरतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेताच येत नाही. नंबर नसेल तर तो पाच टक्के सरकारकडे जातोय यावर विश्वास ठेवायचं काही कारण नाही. अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर बिलावर 2022 पासून सक्तीचा आहे. जागेवर भांडण होत असेल तर तिथूनच 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावता येतो. हे मला त्या रात्री माहीत नव्हतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट कॅलेंडरची. 1 जून ते 31 जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बिनइंजिनाच्या छोट्या होड्या किनाऱ्यालगत आणि खाडीत जाळी टाकतात, तेवढंच ताजं म्हणून येतं. जुलैच्या मध्यावर कुणी तुम्हाला 'आज सकाळी जेटीवरून आणलेलं' मोठं पापलेट देऊ करत असेल, तर ते शीतगृहातलं असणार किंवा ते पापलेटच नसणार. आई कोकणातली, तिला हे पाठ आहे. पण मुलगी एवढी घेऊन आली म्हणून ती गप्प राहिली, असं तिने नंतर सांगितलं. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

सकाळी लॉजसमोरच्या टपरीवर चहा घेताना विषय निघाला. चहावाले काका म्हणाले, "नंबर लिहिलेलं कार्ड दिलं ना तुम्हाला? महिन्याच्या शेवटी कार्डं मोजून कमिशनचा हिशोब होतो." तेव्हा तो खिळा डोळ्यांपुढे आला.

त्या दिवशी दुपारी मी वेगळं केलं. कागद घेऊन ऑफिसात रांगेत उभी होते, साडेबारा वाजले तसे दोन कारकून आणि एक स्टॅम्पवाले छत्र्या घेऊन निघाले. त्यांना सरळ विचारलं, तुम्ही रोज कुठे जेवता? ते म्हणाले, या मागोमाग. एका घराच्या पडवीत सहा टेबलं, बाहेर पाटीसुद्धा नाही. तिथल्या मावशींना विचारलं, पापलेट आहे का? त्या म्हणाल्या, "आत्ता कुठलं पापलेट? बर्फातलं मिळतं, पण मी लावत नाही. सोडे-वांगं आहे आणि सुका बांगडा भाजते." सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी. तांदळाची भाकरी, सोडे-वांगं, बांगडा, आमसुलाचं सार. थाळी 150 रुपये, सार कितीही वेळा घ्या. आईने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मावशींशी अर्धा तास बोलत बसली. ती जागा आमच्या लॉजपासून चालत आठ मिनिटांवर होती. आदल्या रात्रीही तेवढीच जवळ होती, फक्त मी चुकीच्या माणसाला विचारलं. तुम्ही रिक्षास्टँडवर विचारा, औषधाच्या दुकानात विचारा, बाजारातल्या मासेवालीला विचारा की आज काय आलंय. ज्याला तुम्हाला कुठे पाठवून काही मिळायचं नाही, त्याला विचारा.

घरी आल्यावर 1915 वर तक्रार नोंदवली. फसव्या पदार्थाबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडेही अर्ज दिला आहे. चिठ्ठी, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट आणि टिश्यूवर ठेवलेल्या जबड्याचा फोटो, असे तीन पुरावे जोडले. खिळ्यावरच्या कार्डांचा फोटो काढायचं तेव्हा सुचलं नाही, त्याची खंत आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत. वारस नोंदीची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. तेव्हा आईला आधी मिरकरवाड्याला, रत्नागिरीच्या मासेमारी बंदरावर नेणार आहे, पापलेट तिच्या हाताने निवडून घेऊ आणि मावशींना विचारू, तळून द्याल का.