ॲड्रेस सॅनिटायझर: सी कोडचा वेग वाढवणाऱ्यांनी आधी हे चालू करा

सी या प्रोग्रामिंग भाषेत मेमरी तपासणारा कोड वेगवान करायचा असेल, तर ॲड्रेस सॅनिटायझर चालू केल्याशिवाय त्याला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. प्रोग्राम आपल्या हक्काच्या मेमरीबाहेर वाचायला-लिहायला गेला की जागीच पकडणारं हे गूगलमधल्या लोकांनी बनवलेलं टूल. २०१२ मध्ये त्यावरचा पेपर आला आणि आता जीसीसी, क्लँग या दोन्ही कंपायलरांत (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामांत) ते फुकट मिळतं. कंपाइल करताना ‘-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस’ आणि ‘-जी’ दिलं की झालं.

माझं काम बॅकअप सॉफ्टवेअरचं. बफर, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवलेला मेमरीचा तुकडा, पूर्ण शून्यांनी भरलाय का, हे पाहणारं एक फंक्शन आमच्याकडे सतत पळत असतं. शून्य असेल तर तो तुकडा डिस्कवर लिहायचाच नाही, जागा मोकळी सोडायची. आधी एकेक बाइट पाहिला जायचा. एका सहकारी मुलीने ते फंक्शन आठ-आठ बाइटवर आणलं आणि तिचा कोड रिव्ह्यूला माझ्याकडे आला. पॉइंटर (मेमरीचा पत्ता) सरळ ६४ बिटी करून वाचण्याऐवजी तिने मेमकॉपी या बाइट कॉपी करणाऱ्या फंक्शनने आठ बाइट एका लोकल व्हेरिएबलमध्ये घेतले होते. हे अगदी योग्य. अलाइनमेंट (आठच्या पटीत नसलेल्या पत्त्यावरून आठ बाइट वाचणं) आणि अलायसिंग (एका प्रकारची मेमरी दुसऱ्याच प्रकारची समजून वाचणं) हे दोन्ही धोके टळतात, आणि ऑप्टिमायझेशन चालू असेल तर एक्स८६-६४ वर कंपायलर त्याची एकच लोड सूचना करतो, म्हणजे वेगही जात नाही.

गडबड लूपच्या अटीत होती: ‘आय < एन - ७’. आय म्हणजे बफरमध्ये आपण कुठवर आलो ते, एन म्हणजे बफरची लांबी, आणि ती अनसाइन्ड, म्हणजे उणे होऊच न शकणारी संख्या. लांबी ५ आली की वजाबाकी उणे दोन होत नाही, गरकन फिरून अवाढव्य संख्या होते आणि लूप बफरच्या पलीकडे वाचत सुटतं. टेस्ट सगळ्या ८१९२ बाइटच्या, त्या हिरव्या. लहान तुकडा फक्त फाइलच्या शेवटी येतो. ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीचं मॅलॉक, म्हणजे मेमरी मागायचं फंक्शन, ५ बाइट मागितले तरी २४ बाइट वापरता येतील एवढी जागा देतं, त्यामुळे क्रॅशही नाही. पलीकडचा कचरा वाचून उत्तर ‘शून्य नाही’ येतं, तुकडा लिहिला जातो, बॅकअप बरोबरच निघतो. असा बग वर्षानुवर्षं कुणाला दिसला नसता.

सॅनिटायझरने पहिल्याच फेरीत पकडला. आठ बाइट वाचले, ब्लॉक पाचचा, कुठल्या ओळीवर वाचला, कुठल्या ओळीवर मॅलॉक झाला, सगळं समोर. दर आठ बाइटमागे तो एक सावलीचा बाइट ठेवतो आणि त्यातले किती वापरायला मोकळे आहेत ते त्यात लिहितो. रिपोर्टच्या तळाला तो नकाशा छापलेला असतो: दोन्ही बाजूंना ‘एफए एफए’, म्हणजे हात लावायला मनाई असलेली जागा, आणि मधोमध कंसात ०५. ते पाहिल्यावर वाद घालायला जागाच उरत नाही. अट ‘एन - आय >= ८’ अशी केली, उरलेले बाइट शेवटी एकेक पाहिले, प्रश्न मिटला.

मात्र त्याला नीट खायला घालावं लागतं. ० ते ६४ पर्यंतची प्रत्येक लांबी स्वतंत्र, नेमक्या मापाच्या मॅलॉकमध्ये द्या. एका मोठ्या ॲरेच्या पोटातला तुकडा दिलात तर पलीकडची मेमरीही तुमचीच, मग तो गप्प बसणार.

उणिवा आहेत. एकाच स्ट्रक्टमधल्या (अनेक फील्ड एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यातल्या) एका फील्डवरून दुसऱ्यात घुसलात तर कळत नाही. न भरलेली मेमरी वाचली तर कळत नाही, त्यासाठी क्लँगचा मेमरी सॅनिटायझर लागतो. चुकीची अलाइनमेंट यूबीसॅन, म्हणजे सी चे नियम मोडणारा कोड शोधणारा दुसरा सॅनिटायझर, पकडतो, तो सोबत लावा. पण अनसाइन्ड वजाबाकीचं फिरणं सी च्या नियमांत बसतं, म्हणून नेहमीच्या सेटिंगमध्ये यूबीसॅनही त्यावर बोलत नाही. अलायसिंगचा नियम मोडलात तर दोघेही गप्प.

प्रोग्राम साधारण दुप्पट वेळ घेतो, मेमरीही बरीच जास्त खातो. व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या दुसऱ्या टूलची कासवगती सोसलेल्यांना हे काहीच वाटणार नाही. फक्त वेग मोजायचा बिल्ड (कंपाइल केलेला प्रोग्राम) वेगळा ठेवा, आणि सॅनिटायझरवाला बिल्ड ग्राहकाकडे कधीही पाठवू नका, तो त्यासाठी बनवलेला नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.