क्वालिटीराइट्स टूलकिट: वापरावं, पण गुण देताना सेवा घेणारेही टेबलाशी हवेत

मानसिक आरोग्यसेवा सुधारण्यासाठी नेमलेल्या समित्यांवर ती सेवा स्वतः घेतलेली माणसं फार कमी दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेचं क्वालिटीराइट्स टूलकिट, म्हणजे मानसिक आरोग्य संस्थांमधला सेवेचा दर्जा आणि मानवी हक्क तपासायचं साधन, त्यांना थेट तपासनीस करतं. त्याचं खरं मोल इथेच आहे, आणि वापरताना सगळ्यात जास्त हलगर्जीपणाही याच बाबतीत होतो.

टूलकिट २०१२ साली आलं. संघटनेच्या संकेतस्थळावरून ते फुकट उतरवून घेता येतं. मनोरुग्णालय, जनरल हॉस्पिटलमधला मानसोपचार वॉर्ड, ओपीडी, निवासी केंद्र, सगळीकडे चालतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार हा त्याचा पाया. त्यावरून पाच विषय पाडले आहेत: राहणीमान, आरोग्यसेवेचा दर्जा, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा हक्क आणि व्यक्तिस्वातंत्र्य, छळ-हिंसेपासून संरक्षण, आणि समाजात स्वतंत्रपणे राहणं. त्यांखाली २५ मानकं आणि प्रत्येक मानकाखाली बारीक निकष. माहिती मुलाखतींतून, कागदपत्रांतून आणि प्रत्यक्ष पाहणीतून गोळा करायची.

तपासणी करणाऱ्या समितीत सेवा घेतलेली माणसं आणि कुटुंबीय असावेत, असं टूलकिट स्पष्ट सांगतं. प्रत्यक्षात बहुधा एकाच व्यक्तीला बोलावलं जातं आणि चार तज्ज्ञांसमोर ती गप्प बसते. निदान दोघं तरी घ्या. मानधन आणि प्रवासखर्च इतर सदस्यांइतकाच द्या. जी संस्था तपासायची तिथे सध्या उपचार चालू असलेली व्यक्ती मात्र समितीत नको. पुढच्या वेळी उपचारासाठी तिला त्याच डॉक्टरांपुढे बसायचं असतं, मग ती मोकळेपणाने गुण कसे देणार? आणि प्रशिक्षण सगळ्यांना एकत्रच द्या, नाहीतर पहिल्याच दिवशी दोन गट पडतात.

सेवा घेतलेला तपासनीस असल्याने नेमका काय फरक पडतो? बाथरूमचं उदाहरण घ्या. फरशी कोरडी, नळाला पाणी, दाराला कडी. कागदावर निकष पूर्ण. वॉर्डात राहिलेला माणूस आत जाऊन कडी लावून बघतो. ती आतून लागते का? अडचणीच्या वेळी बाहेरून उघडायची सोय आहे का, की तेवढ्यासाठी कडीच काढून टाकली आहे? रात्री बाथरूमला जायचं तर कुणाला उठवावं लागतं? खासगीपणाचा निकष अशा प्रश्नांवर ठरतो.

दुसरं उदाहरण बांधून ठेवण्याच्या नोंदींचं. रजिस्टरमध्ये वेळ, आदेश देणाऱ्याची सही आणि कारणाच्या रकान्यात ‘रुग्ण आक्रमक’ एवढं असलं की अनेक तपासनीस पान उलटतात. टूलकिट मात्र बांधण्या-कोंडण्याऐवजी दुसरे उपाय वापरले जातात का, हे विचारतं. म्हणून आधीच्या अर्ध्या तासात काय घडलं ते शोधायला हवं. घरी फोन करायला नकार मिळाला होता का? कुणी शांतपणे बोललं का? बांधल्यावर पाणी कुणी पाजलं, हातापायांचा रक्तपुरवठा कितीदा पाहिला, किती वाजता सोडलं? सुटल्याची वेळच लिहिलेली नसेल तर ती नोंद अपुरी धरा. या अनुभवातून गेलेल्या माणसाला हे प्रश्न सुचवावे लागत नाहीत.

मुलाखती घसरतात त्या निवडीपाशी. सिस्टरने ‘हे नीट बोलतील’ म्हणून पुढे केलेल्या माणसांशीच बोललात तर चित्र गोड येतं. वॉर्डाची पूर्ण यादी मागा आणि चिठ्ठ्या टाकून नावं काढा. बोलणं वेगळ्या खोलीत, कर्मचाऱ्यांच्या कानाआड व्हावं. आधी संमती घ्या, मधेच थांबायची मुभा आहे हे सांगा. बोलल्याबद्दल नंतर त्रास झाला तर कळवण्यासाठी संस्थेबाहेरचा संपर्क द्या. एक तरी फेरी न कळवता, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी करा. तेव्हा कर्मचारी कमी असतात आणि वॉर्ड खरा कसा चालतो ते दिसतं.

गुण आकड्यांत नसतात. पूर्ण साध्य, अंशतः साध्य, सुरुवात झाली, सुरुवातच नाही, अशा चार पातळ्या आणि पाचवा पर्याय ‘लागू नाही’. हा पाचवा पर्याय सांभाळून वापरावा लागतो. ‘आमच्याकडे तक्रारी येतच नाहीत, म्हणून तक्रार व्यवस्थेचा निकष लागू नाही’ हे चालवून घेऊ नका. तक्रार करायची वाटच नसेल तर ती ‘सुरुवातच नाही’ची पातळी. पातळी ठरवायच्या बैठकीला सेवा घेतलेले सदस्य असलेच पाहिजेत. नुसत्या मुलाखती त्यांच्याकडून करून घेऊन निकाल तज्ज्ञांनी लावला, तर टूलकिटचा जीवच गेला. मतभेद मिटला नाही तर दोन्ही मतं अहवालात लिहा.

उणिवाही आहेत. टूलकिट लांबलचक आहे, एका दिवसात उरकत नाही. भाषा कायद्याची, निकष साध्या बोलीत आणून आधी दोन-तीन जणांवर तपासून घ्यावे लागतात. सगळ्यात अवघड तिसरा विषय, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा. संमतीपत्रावर सही असते, पण औषधाचे दुष्परिणाम सांगितले का, ‘नको’ म्हटल्यावर काय झालं, हे त्या कागदावरून कळत नाही. तिथे केस पेपर आणि मुलाखत शेजारी ठेवूनच पातळी ठरवावी.

तपासणीनंतर काय करायचं यासाठी संघटनेचं २०१९ चं प्रशिक्षण साहित्य जोडीला घ्या. समदुःखी व्यक्तीने दुसऱ्याला आधार कसा द्यावा, यावर त्यात स्वतंत्र भाग आहे. अहवाल वॉर्डातल्या लोकांनाही वाचून दाखवा, त्यांच्या पसंतीच्या तीन सुधारणा आधी घ्या, प्रत्येकीपुढे जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख लिहा. फेरतपासणीची तारीखही त्याच बैठकीत ठरवा. शक्यतो समितीतले सेवा घेतलेले सदस्य तेच ठेवा, कारण ती कडी आता आतून लागते का, हे बघायला ते विसरणार नाहीत.